शिक्षा, चेष्टा आणि रस्ट: अनुभवी प्रोग्रामरला नवी भाषा कुठे अडवते

दिल्लीत पहिल्यांदा गेलेल्या मराठी मुलाला 'शिक्षा मंत्रालय' ही पाटी वाचून धडकी भरू शकते. मग कुणीतरी सांगतं की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. चेष्टा म्हणजे प्रयत्न. आणि 'संविधान संशोधन' म्हणजे घटनेवरचा अभ्यास नव्हे, घटनेतली दुरुस्ती. तमिळ शिकताना असा घोटाळा फारसा होत नाही. लिपीपासूनच सगळं अनोळखी असतं, त्यामुळे आपण प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारतो. हिंदीत विचारत नाही. शब्द ओळखीचा दिसला की पुढे जातो, आणि नेमके तिथेच फसतो.

पंधरा-वीस वर्षं काम केलेल्या प्रोग्रामरच्या हाती नवी भाषा आली की त्याचंही असंच होतं. आणि सध्या हा प्रसंग अनेकांवर येतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधल्या सायबर सुरक्षा कार्यालयाने एक अहवाल काढला आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सी, सी प्लस प्लस यांच्यासारख्या जुन्या भाषांकडून मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषांकडे वळायला सांगितलं. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात रस्ट या भाषेला पहिल्यांदा जागा मिळाली होती. अशा बातम्यांचे पडसाद हिंजवडीतल्या टीमपर्यंत यायला वेळ लागत नाही. मग घरी जेवताना विषय निघतो: 'मला नवी लँग्वेज शिकायला सांगितलीये.' आणि आई-बाबांना प्रश्न पडतो, इतकी वर्षं हेच तर करतोयस, मग आता पुन्हा शिकायचं काय राहिलं?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजलं, तर नवी भाषा लवकर कशी शिकायची तेही त्यातूनच कळतं.

भाषेत मुळात असतं किती?

प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे संगणकाला कामं सांगण्याची ठरलेली पद्धत. शब्द आणि खुणा कशा मांडायच्या याच्या नियमांना सिंटॅक्स म्हणतात. आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. एवढ्या दोन संज्ञांवर या लेखाचं बरंचसं भागेल.

राखीव शब्दांपुरतं पाहिलं तर या भाषा अगदी लहान असतात. गूगलमध्ये तयार झालेल्या गो या भाषेत असे शब्द फक्त २५ आहेत. पायथनमध्ये पस्तिशीच्या आसपास. सिंटॅक्स तर अनुभवी माणूस आठवड्याभरात उचलतो. 'अमुक असेल तर तमुक कर', 'यादी संपेपर्यंत हेच पुन्हा कर', 'या कामाला नाव दे आणि हवं तेव्हा बोलाव' या कल्पना त्याच्या हाडीमाशी खिळलेल्या असतात. कोल्हापुरातला आचारी मालवणच्या स्वयंपाकघरात गेला तरी फोडणी कशी द्यायची हे त्याला शिकवावं लागत नाही. डबे कुठे ठेवलेत तेवढं विचारावं लागतं.

शिवाय त्याचं बरंचसं कसब मुळात भाषेत नसतंच. मोठं काम तोडून लहान करणं, बग, म्हणजे चूक, कुठे दडला असेल याचा अंदाज बांधणं, सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला वाचता येईल असं लिहिणं, हे सगळं शिदोरीसारखं बरोबर येतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रोग्रामरांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन पाहिलं. कोड वाचताना मेंदूतला बोलीभाषेचा भाग फारसा कामाला लागत नाही, असं त्यांना दिसलं. गणित, कोडी अशा अवघड कामांत जागं होणारं मेंदूतलं जाळं जास्त चालतं. म्हणजे 'भाषा' हा शब्द इथे थोडा फसवाच आहे. विचार करण्याची शक्ती एका भाषेत अडकून पडलेली नसते.

मग अडतं कुठे?

ओळखीच्या चेहऱ्याच्या अनोळखी गोष्टींपाशी. काही उदाहरणं पाहा.

पायथनमध्ये यादीतला 'उणे एक' क्रमांकाचा घटक मागितला की शेवटचा घटक मिळतो. संख्याशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या आर या भाषेत तेच मागितलं की पहिला घटक सोडून उरलेली सगळी यादी मिळते. दोन्हीकडे लिहिण्याची पद्धत तीच, चौकटी कंस आणि आत उणे एक. तसंच २ आणि ३ यांच्यामध्ये घराच्या छपरासारखी टोकदार खूण घातली की आर त्याला दोनचा घन समजते आणि उत्तर ८ देते. पायथन दोन्ही आकडे शून्य आणि एकच्या रूपात मांडून त्यांचे अंक एकमेकांशी ताडून पाहते आणि उत्तर १ देते. सात भागिले दोन? जावा या भाषेत दोन्ही पूर्णांक असतील तर ३. पायथनच्या आजच्या आवृत्तीत ३.५.

यातल्या कुठल्याही ठिकाणी संगणक कुरकुर करत नाही. प्रोग्राम चालतो, उत्तर येतं आणि ते चुकीचं असतं. नवशिक्याला हा धोका कमी, कारण त्याच्या मनात आधीचा अर्थच नसतो. इथे अनुभवच आडवा येतो.

हा नुसता माझा समज नाही. २०२० मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या एका मोठ्या परिषदेत मांडलेल्या अभ्यासात संशोधकांनी १८ भाषांबद्दल प्रोग्रामरांनी ऑनलाइन विचारलेले ४५० प्रश्न तपासले. त्यांतल्या २७६ ठिकाणी गोंधळाचं मूळ आधीच्या भाषेतून आणलेल्या चुकीच्या गृहीतकात सापडलं. सोळा व्यावसायिक प्रोग्रामरांशी ते बोलले, तेव्हाही तेच समोर आलं: नव्या भाषेला जुन्या भाषेच्या मापाने मोजायची सवय सुटत नाही.

म्हणून वेगाने शिकण्याचं माझ्या मते एकच मर्म आहे. ओळखीचं वाटतं पण ओळखीचं नाही, अशा जागा आधी शोधून काढायच्या. बाकीचं आपोआप येतं. हे रस्टइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच भाषेत दिसत नाही, म्हणून पुढचं सगळं तिच्याच उदाहरणाने सांगतो.

रस्ट आली कुठून?

२००६ मध्ये ग्रेडन होअर हा मोझिला कंपनीतला प्रोग्रामर व्हँकुव्हरमधल्या आपल्या घरी परतला, तेव्हा इमारतीची लिफ्ट बंद होती. लिफ्टचं सॉफ्टवेअर कोलमडलं होतं. घर एकविसाव्या मजल्यावर. जिने चढताना त्याच्या मनात आलं की लिफ्टसारखी साधी गोष्टही आपल्याला धड चालवता येऊ नये? अशा यंत्रांचा कोड सहसा सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असतो आणि त्यात मेमरीच्या चुका सहज शिरतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यातून नव्या भाषेचं काम सुरू झालं. पहिली पक्की आवृत्ती आली १५ मे २०१५ रोजी. रस्ट हे नाव त्याने गंजावरून घेतलेलं नाही. ते घेतलंय पिकांवर पडणाऱ्या बुरशीवरून. आपला गव्हावरचा आणि सोयाबीनवरचा तांबेरा, तोच. कशातूनही तगून राहणारी ही बुरशी त्याला आवडायची. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नाव आवडेल असं वाटत नाही, पण चिवटपणाबद्दल तोही दुमत दाखवणार नाही.

मेमरीच्या चुका म्हणजे काय? प्रोग्राम चालताना संगणकाकडून जागा घेतो आणि काम झालं की ती परत करायची असते. सी भाषा सेल्फ सर्व्हिसच्या खानावळीसारखी आहे. आपलं ताट आपणच उचलून ठेवायचं. विसरलात तर टेबल अडून राहतं. त्याहून वाईट म्हणजे घाईत दुसऱ्या कुणाचं, अजून जेवण चालू असलेलं ताट उचललंत तर! जावा किंवा पायथनच्या खानावळीत ताटं उचलायला माणूस ठेवलेला असतो. आपल्याला काळजी नाही, पण तो माणूस फिरतो तेव्हा वाढप मधूनमधून खोळंबतं, आणि त्याच्या पगाराचा भार सगळ्यांच्या बिलावर पडतो. रस्टमध्ये असा माणूस नाही आणि तुमच्या आठवणीवर भिस्तही नाही. ताट घेतानाच ते कोण परत करणार हे ठरतं. ते ठरलेलं नसेल तर कंपायलर चूलच पेटवू देत नाही.

याचं महत्त्व किती? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की दरवर्षी ते दुरुस्त करतात त्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी जवळजवळ ७० टक्के मेमरीच्या चुकांमधून येतात. अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर अशा त्रुटींचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं, असं गूगलने जाहीर केलं.

१९ जुलै २०२४ चा दिवस अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मूळ चूक अशी होती की २० नोंदींच्या यादीतून प्रोग्रामने २१ वी नोंद वाचायचा प्रयत्न केला. रस्ट असती तर सगळं सुरळीत झालं असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. रस्टही अशा वेळी प्रोग्राम थांबवते. फरक इतकाच की ती ठरलेल्या जागी, कारण सांगून थांबते. परक्या जागेतलं काहीबाही वाचून पुढे जात नाही.

मालकी, विक्री आणि उसनवारी

आता त्या ओळखीच्या चेहऱ्याच्या अनोळखी गोष्टीकडे येऊ.

जावाच्या प्रोग्रामरने 'ब बरोबर अ' असं लिहिलं की त्याच्या मनात चित्र असतं ते एकाच मुलाला दोन नावं असल्याचं. घरी बाळ्या, शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण. कुठल्याही नावाने हाक मारा, मुलगा तोच. दहा वर्षं हेच चित्र डोक्यात पक्कं बसतं.

रस्टमध्ये हीच ओळ लिहिली की होतो विक्री-व्यवहार. अ ने आपली स्कूटर ब ला विकली. चावी गेली, आरसी बुकवरचं नाव बदललं. पुढच्या ओळीत अ स्कूटर चालवायला गेला तर कंपायलर तिथेच अडवतो: ही वस्तू तू आधीच देऊन टाकली आहेस. ही चूक इतकी नेहमीची आहे की ई०३८२ हा तिचा क्रमांक रस्ट शिकणाऱ्यांना पाठ होतो. त्यातही एक मेख आहे. साध्या आकड्यांसारख्या लहान गोष्टींची विक्री होत नाही, त्यांची झेरॉक्स निघते आणि दोघांकडे एकेक प्रत राहते. म्हणजे पहिल्या दिवशी आकडे वापरून सराव केला तर सगळं जावासारखंच वाटतं. दुसऱ्या दिवशी मजकूर किंवा यादी हाती घेतली की ठेच लागते.

प्रत्येक वेळी विकायचंच असंही नाही, उसनं देता येतं. त्याचा नियम सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीसारखा आहे. नुसती वाचायची असेल तर चार जण एकदम डोकं घालून वाचू शकतात. पण सेक्रेटरी लिहायला बसले की वही त्यांच्या एकट्यांच्या हातात, त्यांचं लिहून होईपर्यंत दुसऱ्या कुणी ती वाचायचीही नाही. आणि वहीचा मालकच गाव सोडून गेला तर उसनी घेतलेली वही कुणाकडे राहू शकत नाही. इतकंच. हे नियम पाळले जातात की नाही हे कंपायलरमधला जो भाग तपासतो त्याला बॉरो चेकर म्हणतात. रस्ट अवघड आहे असं जे म्हटलं जातं ते मुख्यतः याच्यामुळे.

माझी स्वतःची सगळ्यात मोठी अडचण इथेच झाली. जावात मी सर्रास लिहायचो की विभागाकडे आपल्या कर्मचाऱ्यांची यादी आहे आणि प्रत्येक कर्मचाऱ्याकडे आपल्या विभागाचा दुवा आहे. दोघं एकमेकांचा हात धरून उभे. रस्टमध्ये हे करायला गेलो तर कंपायलर पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत राहिला: यांच्यातला मालक कोण? तीन दिवस मी नाना युक्त्या करून त्याला चकवायला बघत होतो. मग एका सहकाऱ्याने शाळेच्या हजेरीपटाची आठवण करून दिली. मुलांनी एकमेकांचे हात धरायची गरजच काय? सगळी नावं एका पटावर ठेव, तो पट मालकाकडे ठेव, आणि एकमेकांचा उल्लेख फक्त हजेरी क्रमांकाने कर. कोड निम्मा झाला. जावात मी वर्षानुवर्षं जे केलं होतं ते चूक होतं असं नाही, पण मालक कोण हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

मग पहिले पंधरा दिवस काय करावं?

पुस्तकाच्या पहिल्या पानापासून क्रमाने जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. पहिली पन्नास पानं तुम्हाला येत असलेल्या गोष्टींची असतात. ती वाचताना मन सैल पडतं आणि ज्या एका वाक्यात खरा फरक दडलेला असतो ते निसटतं. त्याऐवजी भाषेला थेट प्रश्न विचारत जावं. एखाद्या गोष्टीला दुसरं नाव दिलं की आत नक्की काय घडतं, हा पहिला प्रश्न, आणि रस्टपुरता त्याचा ऊहापोह वर झालाच.

दुसरा, 'इथे काहीच नाही' हे कसं सांगायचं. बऱ्याच भाषांत त्यासाठी 'नल' असतं. १९६५ मध्ये ते पहिल्यांदा आणणारे संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर (रस्टवाले ग्रेडन होअर वेगळे) यांनी पुढे २००९ मध्ये ती आपली अब्ज डॉलरची चूक होती अशी कबुली दिली. रस्टमध्ये नल नाही. डबा रिकामा असू शकत असेल तर तो उघडून पाहिल्याशिवाय भाषा पुढे जाऊ देत नाही. तिसरा प्रश्न, काम फसलं तर ते कळवायचं कसं. जावात धोक्याची घंटा वाजते आणि वरच्या मजल्यावरचं कुणीतरी धावून येतं, तर गो आणि रस्टमध्ये फसल्याची चिठ्ठी कामाच्या उत्तरासोबतच हातात मिळते. दोन कामं एकाच वेळी कशी चालतात हा प्रश्न पहिल्या आठवड्यात बाजूला ठेवला तरी चालेल.

उत्तरं मिळत गेली की आपणच पूर्वी लिहिलेला एखादा लहान प्रोग्राम नव्या भाषेत लिहावा. मी लॉग फाइलमधल्या, म्हणजे प्रोग्राम चालताना होणाऱ्या नोंदींमधल्या, चुका मोजणारं एक जुनं अवजार निवडलं. ते काय करतं, कुठे चुकतं, उत्तर काय यायला हवं हे मला पाठ होतं, म्हणजे अनोळखी होती ती फक्त भाषा. नवी भाषा आणि नवा विषय एकदम हाती घेतला की काही बिघडल्यावर दोष कुणाचा हेच समजत नाही.

पहिला मसुदा जुन्या भाषेच्या वळणाने येणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. रस्टमध्ये नवखा माणूस कंपायलर अडवेल तिथे वस्तूची सरळ नक्कल काढतो आणि पुढे जातो. पहिला आठवडा तसं खुशाल करावं. दुसऱ्या आठवड्यात त्याच नकलांवरून एकेक करत परत यावं आणि इथे विकायला हवं होतं, उसनं द्यायला हवं होतं की खरंच नक्कल लागत होती, हे ठरवावं. याच वेळी त्या भाषेत मुरलेल्या माणसाला आपला कोड दाखवला तर महिन्याचं शिक्षण तासाभरात होतं. तो सहसा चूक काढत नाही. 'आम्ही इकडे असं म्हणत नाही' एवढंच सांगतो, आणि ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

'कोड एआय लिहून देतोच की!'

देतो, आणि शिकताना त्याचा उपयोगही होतो. एखादी ओळ तुमच्या जुन्या भाषेशी तुलना करून समजावून मागा, चांगलं उत्तर मिळतं. पण वरचं उणे एकचं उदाहरण आठवा. कोड चालतो, चुकीचं उत्तर देतो, आणि ते चुकीचं आहे हे ओळखायला वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ माहीत असावे लागतात. स्वतः न लिहिलेला कोड तपासायचा तर भाषा जास्तच पक्की लागते. कंपायलर बऱ्याच चुका पकडेल, पण सात भागिले दोन साडेतीन हवे होते की तीन, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत निदान तो लहान प्रोग्राम तरी स्वतःच्या हाताने लिहावा.

'साहेब म्हणतात, दोन आठवडे पुरेत'

कशासाठी पुरेत, हे विचारावं लागेल. जावा येणाऱ्याने गो किंवा कोटलिन शिकून टीममध्ये लहानसहान कामं उचलायला दोन आठवडे बहुधा पुरतात. रस्टला पुरत नाहीत. गूगलने २०२३ मध्ये आपल्या हजाराहून अधिक रस्ट वापरणाऱ्या अभियंत्यांना विचारलं, तेव्हा दोन तृतीयांशांहून अधिक जण म्हणाले की दोन महिन्यांच्या आत रस्टच्या कोडमध्ये भर घालण्याचा विश्वास आला. जुन्या भाषेइतकंच काम होऊ लागलं असं दोन महिन्यांत म्हणणारे मात्र एक तृतीयांशच होते, आणि निम्म्यांचा टप्पा ओलांडायला चार महिने लागले. शेजारी मदतीला अनुभवी माणसं असतानाचे हे आकडे आहेत. वेळेचा अंदाज मागणाऱ्यापुढे ते ठेवायला हरकत नाही.

चाळिशीनंतर जमतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आणि नेहमी हलक्या आवाजात विचारला जातो. जमतं. वय वाढतं तसं पाठांतर मागे पडत असेल, पण पाठ करायचे शब्द मुळात मोजकेच आहेत. शिवाय ज्याने पूर्वी दोन-तीन वेगवेगळ्या वळणाच्या भाषा वापरल्या आहेत त्याला जुनं चित्र बाजूला ठेवायचा सराव असतो. अडतं ते वीस वर्षं एकाच भाषेत राहिलेल्या माणसाचं, मग तो पंचेचाळीसचा असो वा अडतीसचा. त्याला मी मुद्दाम सगळ्यात वेगळी भाषा घ्यायला सांगतो. हिंदीसारखी जवळची नको, तमिळसारखी घे, म्हणजे प्रत्येक शब्दाला थांबून विचारशील.

आणि जुनी भाषा विसरते का?

काही आठवडे हात अडखळतात. जावाच्या ओळीशेवटी अर्धविराम राहून जातो, रस्टच्या सवयी जावात डोकावतात. ते लवकर जातं. पण एक गोष्ट टिकते. मी आता जावा लिहितो तेव्हा कुठलीही यादी दुसऱ्या फंक्शनच्या, म्हणजे नाव दिलेल्या दुसऱ्या कामाच्या, हवाली करण्याआधी माझा हात किंचित थांबतो: ही मी दिली, उसनी दिली, की आम्ही दोघंही आता यात लिहिणार? जावाचा कंपायलर हे विचारत नाही. गेल्या महिन्यात याच प्रश्नामुळे एका सहकाऱ्याच्या कोडमध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकाच यादीत लिहिताना सापडले. कोड चार वर्षं तसाच चालू होता.